दुपारी बारानंतर वसतिगृह बंद राहील

गेल्या डिसेंबरात शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत काढण्यासाठी मी माझ्या जुन्या शाळेत गेले होते. शाळा निवासी आहे. सरकारी कागदावर ती आश्रमशाळा. पंचक्रोशीत तिला सगळे नुसते 'बोर्डिंग' म्हणतात. लिपिक जेवायला गेले होते. ते येईपर्यंत व्हरांड्यात उभे राहायचे, आणि व्हरांड्यात उभ्या राहिलेल्या माणसाने दुसरे काय करायचे? मी सूचनाफलक वाचू लागले.

फलकावर 'आगामी कार्यक्रम' असा मथळा होता. रंगीत खडूने काढलेल्या वेलबुट्टीसकट. खाली भलीमोठी यादी. विज्ञान प्रदर्शन, सावित्रीबाईंची जयंती, जिजाऊंची जयंती, क्रीडास्पर्धा, तीन दिवसांचे स्नेहसंमेलन, माता-पालकांचे हळदीकुंकू, प्रजासत्ताक दिन. प्रत्येक कार्यक्रमापुढे तारीख, वेळ आणि जबाबदार शिक्षकाचे नाव. मंडप कोणी घालायचा, रांगोळी कोणत्या वर्गाने काढायची, पाहुण्यांच्या चहापाण्याकडे कोणी बघायचे, सारे लिहिलेले. वाचून मला बरे वाटले. पाचवी ते दहावी मी त्याच शाळेत काढली; आमच्या वेळी एवढी शिस्त नव्हती.

फलकाच्या खालच्या कोपऱ्यात मात्र दिवाळीपूर्वीचा एक कागद तसाच राहून गेला होता. एक टाचणी निखळल्यामुळे तो तिरका लोंबत होता. त्यावर एवढेच लिहिले होते : 'दीपावलीच्या सुट्टीनिमित्त पालकांनी आपापल्या पाल्यास दुपारी १२ पर्यंत घेऊन जावे. त्यानंतर वसतिगृह बंद राहील.' खाली मुख्याध्यापकांची सही. हा मजकूर मला तोंडपाठ आहे. सहा वर्षे मी तो वाचला आहे आणि माझ्यानंतर तो कोणी बदललेला नाही. तारीख तेवढी बदलते. या कार्यक्रमापुढे जबाबदार शिक्षकाचे नाव नाही. कारण हा कार्यक्रम मानलाच जात नाही.

माझे म्हणणे असे की, निवासी शाळेच्या वर्षात सर्वांत अवघड दिवस कोणता असेल तर तो सत्र संपण्याचा, आणि ज्या दिवसाची तयारी कोणीच करत नाही असा दिवसही तोच. गॅदरिंगमध्ये नाटुकले फसले तर लोक हसतील आणि विसरतील. सत्रसमाप्तीच्या दिवशी चूक झाली तर एक मूल शाळेतून कायमचे जाऊ शकते. मी हे उगाच म्हणत नाही.

आमचे गाव बालाघाटच्या डोंगरात, बीड जिल्ह्यात आहे. आमच्याकडे दोन दिनदर्शिका चालतात. एक शाळेची : जूनमध्ये सुरू, दिवाळीला सुट्टी, १ मेला निकाल. दुसरी कोयत्याची. ही दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते आणि उन्हाळा लागता लागता संपते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नुसते हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती या जोडीवर. जोडीतले एक माणूस गेले तर दुसऱ्याचे काम बसते, आणि जितके दिवस काम बसेल तितका खाडा उचलीतून कापला जातो. तेव्हा 'पालकांनी येऊन पाल्यास घेऊन जावे' हे वाक्य लिहायला सोपे आहे. सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर त्याहून पुढे बेळगावकडे उसाच्या फडात असलेल्या मायला ते पाळणे म्हणजे तीनशे किलोमीटरच्या वर जायचे, तितकेच परत यायचे, आणि वर दोघांचा खाडा भरायचा.

या दोन दिनदर्शिकांची गाठ कधी पडते आणि कधी पडत नाही, यात एक गंमत आहे. गंमत म्हणायचे ते आपले म्हणायचे. दिवाळी तिथीने येते, कारखाना तारखेने पेटतो. अधिक महिना आला की दिवाळी पुढे सरकते; गाळप काही सरकत नाही. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते आणि गाळपाला १ नोव्हेंबरपासून परवानगी होती. त्यामुळे त्या वर्षी आमच्या गावातल्या बऱ्याच टोळ्या करंजी खाऊन निघाल्या, आणि मुलांना न्यायला फाटकात माणसे दिसली. उलट २०१८ साली अधिक ज्येष्ठ होता, लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला आले, आणि त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ. प्यायला पाणी नव्हते. गावात थांबून करायचे काय? दसरा झाला तसे गाव रिकामे झाले. यंदा, म्हणजे २०२६ साली, पुन्हा अधिक ज्येष्ठ आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणूनच हे सारे मी याच अंकात लिहिते आहे.

२०१८ साली मी सातवीत होते. माय आणि अण्णा दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी टोळीबरोबर गेले. जाताना मला भेटायला माय शाळेत आली होती, तिने दिवाळीचे विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "तारीख अजून आली नाही, आली की कळवू." तारीख आली ती ३ नोव्हेंबर, शनिवार, वसुबारसेच्या आदल्या दिवशीची. फलकावर लागली चार दिवस आधी. अण्णांचा फोन लागत नव्हता. लागला असता तरी ते काय करणार होते?

शनिवारी सकाळी आठपासून फाटकात गर्दी झाली. पत्र्याच्या पेट्या, वळकट्या, रडणारी धाकटी भावंडे, जीपवाल्यांचे ओरडणे. एका टेबलावर रजिस्टर ठेवलेले. त्यात विद्यार्थिनीचे नाव, नेणाऱ्याचे नाव, नाते, सही अथवा अंगठा असे रकाने. बाराला टेबल उचलले. आम्ही सात जणी उरलो होतो. दोनच्या गाडीने तिघींचे कोणी कोणी आले. चौघी राहिलो. पाचला सगळ्या खोल्यांना कुलपे लागली, कोठीला लागले, पाण्याची मोटर बंद झाली. सर मंडळींच्या मोटारसायकली गेल्या. अधीक्षिका बाईंना स्वतःचे गाव गाठायचे होते आणि शेवटची एसटी सहाची होती. आम्ही आपापल्या पेट्यांवर बसून होतो. त्यांनी आम्हांला स्वयंपाकघरातल्या मावशींच्या हवाली केले आणि त्या गेल्या. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचे पोर दोन वर्षांचे होते आणि त्याला त्यांनी महिनाभर पाहिले नव्हते.

मावशींचे घर शाळेमागच्या वस्तीत. एक खोली, एक पडवी. कोठीची किल्ली नव्हती, म्हणून त्यांनी घरच्या पिठाच्या भाकरी केल्या आणि पिठले केले. दुसऱ्या दिवशी माझे चुलत मामा आले. बाकीच्या दोघी सोमवारी, म्हणजे धनत्रयोदशीला गेल्या. चौथीचे पुढे सांगते.

सुट्टीनंतर काही कारणाने ते रजिस्टर माझ्या हातात आले. ३ नोव्हेंबरच्या पानावर आम्हां चौघींच्याही नावापुढे 'पालकांच्या ताब्यात दिले' असे लिहून खाली तांबड्या शाईने रेघ मारलेली होती. रजिस्टरप्रमाणे आम्ही शनिवारी दुपारी बारालाच घरी पोचलो होतो. वरून तपासणी आली असती तर तिलाही हेच दिसले असते, आणि शेरा 'समाधानकारक' पडला असता.

आता चौथी. ती माझ्याच बाकावर बसायची. गणितात माझ्या पुढे होती. भूमितीतल्या सिद्धता ती मला समजावून द्यायची. तिला न्यायला गावाकडचे कोणी उरलेच नव्हते. शेवटी त्यांच्या टोळीतला एक माणूस कामासाठी गावी आला होता, तो जाता जाता तिला फडावर घेऊन गेला. दिवाळीपुरतेच जायचे होते. फडावर गेल्यावर धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नव्हते, मग वाढे विकायला कोणी नव्हते, मग आईचे कंबर धरले तेव्हा मोळ्या बांधायला कोणी नव्हते. सुट्टी संपली, पंधरवडा गेला, नाताळ गेला. स्नेहसंमेलनात तिचे काम दुसऱ्या मुलीला दिले. पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न लागले. मी तेव्हा आठवीत जाणार होते.

दिवाळीच्या सुट्टीमुळे तिचे लग्न झाले असे मी म्हणणार नाही. गरिबीची कारणे एका नोटिशीत मावत नाहीत. परंतु ती शाळेच्या फाटकातून ज्या दिवशी बाहेर गेली त्या दिवशी तिला बाहेर जायचे नव्हते, आणि तिला आत ठेवण्याची कोणाची इच्छा नव्हती असेही नव्हे. तशी सोयच नव्हती.

आमच्याकडे बोर्डिंगचा इतिहास अभिमानाने सांगितला जातो. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहत गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले; १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. तिथल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे भाषणात दरवर्षी ऐकायला मिळते. ऐकताना मुख्य गोष्ट मात्र निसटते. त्या वेळी वसतिगृह हे आधी घर होते. पोरे तिथे राहायची आणि शिकायला गावातल्या शाळेत जायची. शाळा वेगळी, बोर्डिंग वेगळे. आजच्या निवासी शाळेत वसतिगृह हे शाळेचे शेपूट झाले आहे. शाळा उठली की तेही उठते. घराला सुट्टी नसते, ही साधी गोष्ट आपण नियमावली करताना विसरलो.

कोणी म्हणेल, सरकारने यावर उपाय केलेला आहेच. खरे आहे. आमच्या जिल्ह्यात गावोगावच्या शाळांत हंगामी वसतिगृहे चालतात. आईबाप तोडीला गेले तरी मुले गावातच राहून शिकावीत म्हणून. त्याआधी काही कारखान्यांवर साखरशाळा चालत. २०२१ साली तर संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे काढण्याचा निर्णय झाला. या सगळ्यांचे मोल मला कळते. पण ज्या मुलीचे नाव आधीच निवासी शाळेच्या पटावर आहे, ती हंगामी वसतिगृहाच्या यादीत कशी येणार? कागदोपत्री तिची सोय झालेली आहे. ती निवासी आहे. वर्षातले दोन-तीन आठवडे ती कुठेच निवासी नसते, आणि त्या आठवड्यांचा रकाना कोणत्याच तक्त्यात नाही.

डिसेंबरातल्या त्या दिवशी मी मुख्याध्यापकांशी बोलले. (सर माझ्या वेळचे नव्हेत, नवे आहेत. माणूस सरळ वाटला.) ते म्हणाले, "तुझे म्हणणे बरोबर आहे, पण परिपोषणाचे अनुदान हजेरीवर. सुट्टीत हजेरी नाही, मग चार पोरींसाठी चूल कशावर पेटवू? आणि चार पोरी एवढ्या मोठ्या इमारतीत ठेवायच्या तर अधीक्षिका हवी, स्वयंपाकी हवा, रात्रीचा चौकीदार हवा. काही बरेवाईट झाले तर मी जाईन घरी." यातला शब्दन् शब्द खरा आहे. स्वयंपाकीण आणि कामाठी सत्रभर पहाटे चारला उठतात. त्यांनी दिवाळीला घरी जाऊ नये असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? ज्या मावशींनी आम्हांला भाकरी घातली त्यांची स्वतःची लेक त्या दिवाळीला माहेरी यायची होती.

मात्र 'अवघड आहे' इथे बोलणे थांबते, ते थांबू नये असे मला वाटते. एका शाळेला चार मुलींसाठी वसतिगृह उघडे ठेवणे परवडत नसेल. पण एका तालुक्यात अशा शाळा तीन-चार तरी असतातच. प्रत्येकीत चार-पाच मुली उरत असतील तर मिळून पंधरा-वीस झाल्या. पंधरा-वीस मुलींसाठी एक वसतिगृह, एक अधीक्षिका आणि एक चूल चालवणे अशक्य नाही. यंदा या शाळेने चालवावे, पुढल्या वर्षी त्या शाळेने. म्हणजे कोणाही अधीक्षिकेला लागोपाठ दोन दिवाळ्या घराबाहेर काढाव्या लागणार नाहीत. ज्या दिवाळीला ती थांबेल तिच्या बदली रजा तिला उन्हाळ्यात मिळावी. पैशाचा प्रश्न उरतोच. पण मुली किती आणि कोणत्या, हे जर जूनमध्येच ठाऊक असेल तर ऑक्टोबरपर्यंत पंचायत समितीकडे, कारखान्याकडे, गावातल्या दात्याकडे मागायला तोंड राहते. आज शाळेला हा आकडा कळतो तो सुट्टीच्या दिवशी दुपारी साडेबाराला.

आणि आकडा जूनमध्ये कळणे किती सोपे आहे! प्रवेशाच्या फॉर्ममध्ये जात आहे, उपजात आहे, उत्पन्न आहे, अंगावरची खूण आहे. 'दिवाळीत घरी कोण असेल?' हा प्रश्न नाही. 'तुम्ही नसाल तर मुलीला न्यायला कोण येईल?' हाही नाही. हे दोन प्रश्न विचारले तर उत्तर देताना आमच्या मायबापांना लाज वाटण्याचे कारण नाही. त्यांना ते जूनमध्येच ठाऊक असते, कारण उचल तेव्हाच घेतलेली असते.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. नेणाऱ्याच्या रकान्यात शाळेला 'पालक' लागतो, म्हणजे बहुतेक वेळा बापच. मुलींच्या बाबतीत ही काळजी योग्यच आहे. वाटेल त्याच्या हाती मुलगी द्यावी असे कोणी म्हणणार नाही. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला टोळीतला कोण माणूस घेऊन गेला, हे तरी नंतर कोणी विचारले? पण आमच्या गावात हंगामात मागे राहतात त्या म्हाताऱ्या. एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून बोर्डिंगच्या फाटकात आज्या दिसू लागल्या आहेत. त्या दोन गाड्या बदलून येतात, आणि फॉर्मवर त्यांचे नाव नाही म्हणून त्यांना तासन् तास बसवून ठेवले जाते. माझ्या डोळ्यांसमोर एका आजीला आधार कार्डाची झेरॉक्स काढायला तालुक्याला परत पाठवले होते. जूनमध्येच आजीचे नाव, फोटो आणि अंगठा घेऊन ठेवला तर काय बिघडेल? मुलगी सुरक्षितही राहील आणि आजीची पायपीटही वाचेल.

आता गॅदरिंगविषयी. हा विषय वेगळा वाटेल, पण तसा नाही. आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन जानेवारीत होते, कारण सगळ्या शाळांचे जानेवारीत होते. निमंत्रणपत्रिकेवर 'सर्व पालकांनी सहकुटुंब उपस्थित राहावे' असे छापलेले असते. सहा वर्षे मी लेझीम खेळले, दोनदा नाटुकल्यात काम केले, एकदा निबंधाचे बक्षीस घेतले. माय आणि अण्णांनी यातले एकही पाहिलेले नाही. माझे एकटीचेच नव्हे. समोर पाहुण्यांच्या खुर्च्या, मागे गावातली रिकामी पोरे आणि आमचे आईबाप फडात, हे दृश्य मी सहा वर्षे मंचावरून पाहिले. माता-पालकांच्या हळदीकुंकवाला तर शिक्षिकाच एकमेकींना कुंकू लावीत.

हेच स्नेहसंमेलन पोळा झाल्यावर, दसऱ्याच्या आधी घेतले तर? आईबाप गावातच असतात. हाताला काम कमी असते. त्याच दिवशी सकाळी पालकसभा घ्यावी. सभेत दिवाळीच्या सुट्टीची तारीख जाहीर करावी आणि कोणाची मुलगी कोण नेणार, कोणाची थांबणार, हे समोरासमोर ठरवून सही-अंगठा घ्यावा. संध्याकाळी लेझीम. मी हे सरांना सुचवले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "पावसात मंडप कोण घालणार? आणि सहामाही परीक्षा?" मंडप नसला तर वर्गाच्या व्हरांड्यात करता येईल. प्रमुख पाहुण्यांची जरा अडचण होईल, हे खरे. परीक्षेचा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. भाद्रपदात दहा दिवस तालमी केल्या तर सहामाहीचा अभ्यास बुडेल. मग तीन दिवसांचे संमेलन एका दिवसाचे करावे. तीन दिवस करून तरी ते कोणाला दाखवतो?

२०२० च्या मार्चचा अनुभव इथे थोडक्यात सांगते. करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा वसतिगृह रिकामे करायला सत्रसमाप्तीइतकाही अवधी मिळाला नाही. मी मामाकडे गेले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि माय-अण्णा कारखान्यावरच अडकले; ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची परवानगी एप्रिलच्या मध्यावर मिळाली. ते संकट कोणाच्याच हातचे नव्हते आणि त्याबद्दल शाळेला बोल लावणे अन्याय होईल. पण त्या वेळीही पहिला प्रश्न तोच होता : कोणत्या मुलीला घरी कोण आहे? आणि त्या वेळीही शाळेजवळ त्याची यादी नव्हती.

उन्हाळी सुट्टीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. निकालापर्यंत टोळ्या परतलेल्या असतात.

वाचकहो, तुम्ही म्हणाल की आपल्या कला महाविद्यालयाच्या वार्षिकात आश्रमशाळेच्या दिवाळीचे हे पुराण कशाला? त्याचे कारण असे. आपल्या वर्गावर्गांत माझ्यासारखी बोर्डिंगमधून आलेली मुले-मुली आहेत. ती बोलत नाहीत एवढेच. आपल्या मुलींच्या वसतिगृहाचेही वेगळे काय आहे? गेल्या उन्हाळ्यात खानावळ बंद झाली तेव्हा काही जणींचे दोन पेपर राहिले होते, आणि त्यांनी ते दिवस पाव आणि केळी खाऊन काढले. त्या नोटिशीतही 'बंद राहील' एवढेच होते. बंद करणारी नोटीस नेहमी भविष्यकाळात आणि कर्त्याशिवाय लिहितात, हे मराठीच्या विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे.

शिवाय आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. ही योजना १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रचना आहे. आपण ते सात दिवस हिवाळ्यात दत्तक गावात काढतो. शोषखड्डे खणतो, वनराई बंधारा घालतो, पथनाट्य करतो, मारुतीच्या देवळाचा परिसर झाडतो. गेली दोन वर्षे मी या शिबिराला जाते आहे आणि दोन्ही वर्षी तोच परिसर झाडला आहे. मारुतीरायाची तक्रार नसावी. पण सात दिवसांचे श्रम आणि पन्नास माणसे हाताशी असताना आपण ती जरा अडचणीच्या जागी न्यावीत.

माझी सूचना अशी की, यंदाच्या विशेष शिबिराचे सात दिवस दिवाळीच्या सुट्टीत घ्यावेत, आणि तालुक्यातली एक निवासी शाळा त्यासाठी मागून घ्यावी. शाळा आपल्या ताब्यात द्या असे नव्हे. अधीक्षिका शाळेची, चौकीदार शाळेचा. स्वयंपाक, पाणी, मुलींचा अभ्यास, आकाशकंदील आणि किल्ला आपला. एका प्राध्यापिकेने सोबत राहावे लागेल. आपल्या विद्यार्थिनींनीच मुक्कामी थांबावे, मुलांनी दिवसा यावे. दिवाळीत आपल्यालाही घरी जायचे असते, म्हणून सगळ्यांनी सात दिवस राहण्याची गरज नाही. दोन-दोन दिवसांच्या पाळ्या लावता येतील. सात दिवसांनी पूर्ण सुट्टी भागणार नाही, हे मला कळते. परंतु नातेवाइकाला निरोप मिळून तो येईपर्यंत जे दोन-चार दिवस लागतात, तेवढे तरी भागतील. आमच्या वेळी त्या चौघींपैकी तिघींना दोन दिवसच हवे होते.

सुट्टीतले शिबिर नियमात बसते का आणि त्यासाठी परवानगी कोणाची लागते, ही चौकशी आमच्या कार्यक्रम अधिकारी सरांनी सुरू केली आहे. त्यांनी मला विचारले, "आधी माणसे किती ते सांग." म्हणून मी एक कागद केला आणि ग्रंथालयात फिरवला. दुपारपर्यंत अकरा सह्या झाल्या. आठ मुली, तीन मुलगे. सहीपुढे प्रत्येकाने कोणते दिवस येणार ते लिहिले आहे. वसुबारसेला चार जणी आहेत, धनत्रयोदशीला तीन. लक्ष्मीपूजनाला मी आणि तृतीय वर्षाची एक ताई. पाडवा आणि भाऊबीज हे दोन दिवस अजून कोणी घेतलेले नाहीत. कागद ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर ठेवला आहे.